गोधडी कोणाची?

आमच्या घरी एक जुनी गोधडी आहे. तिचा मूळचा रंग कोणता असावा हे आज सांगता येत नाही. परंतु तिच्या पोटात तीन पिढ्यांची लुगडी, एक उपरणे आणि कोणाच्या तरी मुंजीतले पिवळे धोतर इतका ऐवज आहे, असे वडीलधारी मंडळी सांगतात. गेल्या हिवाळ्यात तिच्यावरून घरात वाद माजला. तरुण मंडळींचे म्हणणे असे की, ही गोधडी आता अंगावर घेऊ नये. पांढऱ्या फडक्यात बांधून, कडुनिंबाचा पाला घालून कपाटात जपून ठेवावी, कारण आणखी दोन-चार हिवाळे ती तग धरणार नाही. यावर आमच्या आत्याबाई एवढेच म्हणाल्या, “पांघरायची नाही तर ती गोधडी कसली? ते चिंध्यांचे गाठोडे!”

वाद क्षुल्लक खरा. पण विचार करू लागलो तसतशी दोन्ही पक्षांची बाजू आम्हांस खरी वाटू लागली. वापरावी तर वस्तू जाते, आणि ठेवावी तर वस्तूचे प्रयोजन जाते. उबेसाठी निर्माण झालेल्या वस्तूला उबेच्या कामातून काढून तिचे रक्षण करणे म्हणजे नेमके कशाचे रक्षण करणे? आणि असे रक्षण करण्याचा अधिकार तरी कोणाचा? घरगुती वादातून निघालेला हा प्रश्न आमच्या घरापुरता नाही. अमेरिकेत गोधड्यांना वस्तुसंग्रहालयांत मानाचे स्थान मिळाले, आणि गोधड्या व वस्त्रांचा इतिहास यांवर सारे आयुष्य वेचणारे अभिरक्षक, ज्यांस क्यूरेटर म्हणतात ते, तेथे निर्माण झाले. त्यांच्या व्यवसायात हा प्रश्न रोज उभा असतो. तेव्हा या प्रश्नाची उकल त्यांच्या उदाहरणावरून होते का, ते पाहू.

तिकडची ‘क्विल्ट’ ही आमच्या गोधडीची सख्खी नसली तरी चुलत बहीण खास. वर ठिगळांची किंवा नक्षीची चादर, मध्ये कापसाचा थर, खाली अस्तर, आणि तिन्ही थर धावदोऱ्याने एकत्र धरलेले, अशी तिची रचना. अशा शेकडो क्विल्टी ज्याच्या ताब्यात असतात त्या अभिरक्षकाचे काम बाहेरून पाहणारास निवांत वाटते. वास्तविक ते वैद्याचे, पंचाचे आणि कुलोपाध्यायाचे असे तिहेरी काम आहे. वस्त्राची प्रकृती जपावयाची, त्याच्याविषयीच्या साक्षी तपासावयाच्या, आणि ज्या घरातून ते आले त्या घराची वंशावळ सांभाळावयाची. या तिन्ही कामांतून तीन ऋणे उत्पन्न होतात, असे आम्हांस वाटते. पहिले वस्त्राचे, दुसरे सत्याचे, आणि तिसरे ते वस्त्र शिवणाऱ्या हातांचे.

पहिले ऋण समजण्यास सोपे. कापडाचा मोठा शत्रू म्हणजे उजेड. म्हणून जुनी वस्त्रे मांडलेल्या दालनात सुमारे 50 लक्सहून अधिक प्रकाश ठेवीत नाहीत. उन्हातून आत आलेल्या माणसाला प्रथम काही दिसतच नाही. काही महिने मांडलेली क्विल्ट पुढे कित्येक वर्षे अंधारात विसावा घेते. घडीच्या रेषेवर कापड चिरते, म्हणून ती आम्लरहित कागदात, नळकांड्यावर गुंडाळून किंवा सपाट पसरून ठेवतात. काही वस्त्रे तर आपला मृत्यू पोटात घेऊनच जन्मतात. लोखंडाच्या क्षारांनी पक्का केलेला काळा-तपकिरी रंग कापडाला आतून खातो, आणि छापील फुलांच्या जागी कालांतराने फुलांच्या आकाराची भोके उरतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वजन वाढावे म्हणून रेशमाला धातूंचे क्षार पाजीत असत. त्या रेशमाच्या क्विल्टी हात न लावताही विरतात. येथे अभिरक्षकाच्या हाती फक्त नाश लांबविणे असते, थांबविणे नसते. लोकांनी पाहावे म्हणून जतन करावयाचे, आणि जतन व्हावे म्हणून फारसे पाहू द्यावयाचे नाही, ही त्याच्या धर्मातली पहिली कोंडी. भावी पिढीचा वाटा आजच्या पिढीने खाऊन टाकू नये, एवढाच तिचा अर्थ. आणि तो न्याय्य आहे.

दुसरे ऋण सत्याचे. ते फेडणे अधिक अवघड, कारण वस्त्र मुके असते आणि त्याच्याविषयी बोलणारी माणसे पुष्कळ असतात. एखादी बाई क्विल्ट घेऊन येते आणि सांगते, ही आमच्या पणजीच्या आईने स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात शिवली. अभिरक्षक ती उलगडून पाहतो. त्याच्या विद्येचा एक साधा नियम आहे: क्विल्टीचे वय तिच्यातील सर्वांत नव्या तुकड्यावरून ठरते, जुन्यावरून नव्हे. पंचवीस तुकडे शंभर वर्षांपूर्वीचे असोत; 1856 साली विल्यम पर्किनने शोधलेल्या कृत्रिम जांभळ्या रंगाचा एक तुकडा मूळच्या शिवणीत सापडला की, ती क्विल्ट त्या सालाच्या आधीची असू शकत नाही. आपल्या मच्छलीपट्टणच्या बाजूच्या छिटा आणि ‘पालमपोर’ या नावाने विलायतेत गेलेले आपले पलंगपोस यांचे तुकडे तिकडच्या जुन्या क्विल्टींत सापडतात; परंतु आजीच्या पेटीतील छीट नातीनेही वापरलेली असू शकते, म्हणून केवळ तेवढ्यावर विसंबता येत नाही.

या परीक्षेत लाडक्या समजुतींचा बळी जातो. कापसाच्या थरात सरकीचे कण दिसले की ती क्विल्ट 1793 साली सरकी काढण्याचे यंत्र निघण्यापूर्वीची, अशी समजूत फार दिवस होती. ती टिकली नाही, कारण यंत्राने पिंजलेल्या कापसातही सरकीचे कण राहतात. अमेरिकेतील आरंभीच्या गरीब वसाहतवाल्यांनी थंडीच्या कडाक्यात चिंध्या जोडून क्विल्टी केल्या, ही कथा तर पाठ्यपुस्तकांतून मुरली होती. 1980 साली ‘अमेरिकन क्विल्ट स्टडी ग्रूप’ ही अभ्यासमंडळी स्थापन करणाऱ्या सॅली गॅरूट यांनी मृतांच्या मालमत्तेच्या जुन्या याद्या तपासल्या, तेव्हा त्या काळी क्विल्ट ही वस्तू विरळा आणि महाग होती, सामान्य घरांत कांबळी व लोकरी पांघरुणे होती, असे निघाले.

याहून नाजूक प्रकरण पुढचे आहे. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकाने असे सांगितले की, गुलामगिरीच्या काळात पळून जाणाऱ्या गुलामांना वाट दाखविण्यासाठी क्विल्टी कुंपणावर वाळत घातल्यासारख्या टाकीत, आणि तिच्यावरील प्रत्येक नमुना म्हणजे एक गुप्त संकेत असे. ही कथा लोकांनी डोक्यावर घेतली. शाळांतून ती शिकविली जाऊ लागली. परंतु त्या काळचा लेखी पुरावा इतिहासकारांना मिळाला नाही. सुटून आलेल्या गुलामांनी स्वतः सांगितलेल्या पुष्कळ हकीकती छापलेल्या आहेत. त्यांत या संकेतांचा पत्ता नाही, आणि सांगितलेल्या नमुन्यांपैकी काही तर पुष्कळ नंतरचे आहेत.

येथे कोणी सहृदय वाचक म्हणेल, “ही कथा खोटी असली म्हणून काय बिघडले? ज्यांना इतिहासाने काही दिले नाही त्यांना एक अभिमानाची गोष्ट मिळाली. ती हिरावून घेण्यात कोणता पुरुषार्थ?” आक्षेप हलका नाही. आम्हीही काही काळ त्याच मताचे होतो. परंतु अधिक विचारांती आम्हांस असे दिसते की, ज्याच्यावर अन्याय झाला त्याला खोट्या दागिन्याने मढविणे हा त्याचा सत्कार नव्हे. तसे करताना आपण नकळत असे म्हणत असतो की, या माणसांनी खरोखर जे केले ते अभिमान वाटण्यास पुरेसे नाही. ते पुरेसे होते, किंबहुना पुरून उरण्याजोगे होते, याचे प्रत्यंतर एका क्विल्टीच्या हकीकतीतच मिळते, आणि तिसऱ्या ऋणाचे मर्मही तीच उघड करते.

हॅरिएट पॉवर्स ही बाई 1837 साली अमेरिकेच्या जॉर्जिया प्रांतात अथेन्स गावाजवळ गुलामगिरीत जन्मली. 1865 साली गुलामगिरी संपली. पुढे नवऱ्याबरोबर तिने थोडी शेतीवाडी केली, मुले वाढविली, आणि 1886 च्या सुमारास बायबलातील प्रसंगांची एक क्विल्ट शिवली. रंगीत कापडाच्या आकृती कापून पायाच्या कापडावर बसविलेल्या. आदम आणि हव्वा, केनने केलेला भावाचा वध, याकोबाचे स्वप्न, येशूचे शेवटचे जेवण आणि क्रूस, असे अकरा प्रसंग. त्या वर्षी गावच्या कापसाच्या जत्रेत ती मांडली असता चित्रकला शिकविणाऱ्या जेनी स्मिथ नावाच्या गोऱ्या बाईने ती पाहिली, आणि वाटेल ती किंमत देऊ केली. हॅरिएटबाईने साफ नकार दिला.

चार-पाच वर्षे गेली. दिवस फिरले. हॅरिएटबाई आपण होऊन बैलगाडीतून क्विल्ट घेऊन आली. तिने दहा डॉलर मागितले. स्मिथबाईने आपल्याजवळ पाचच आहेत म्हणून सांगितले. हॅरिएटबाईने नवऱ्याचा सल्ला घेतला आणि पाच डॉलरला ती दिली. देताना तिने प्रत्येक चौकटीचा अर्थ सांगितला, आणि स्मिथबाईने तो लिहून घेतला. ही क्विल्ट म्हणजे आपल्या बुद्धीचे लाडके लेकरू आहे, अशा अर्थाचे ती बोलली होती. पुढे आपल्या त्या लेकराला पाहण्यासाठी ती अनेकदा स्मिथबाईच्या घरी येऊन गेली.

या व्यवहाराचा न्याय कसा करावयाचा? कायद्याने विक्री पूर्ण झाली. विकणारीने किंमत घेतली, घेणारीने वस्तू नेली. परंतु आपलीच वस्तू पाहण्यासाठी परक्याच्या दारी पुनःपुन्हा येणारी ती स्त्री डोळ्यांपुढे आणली म्हणजे, पाच डॉलरांनी काय विकले गेले आणि काय विकले गेले नाही हा भेद स्पष्ट दिसतो. कापड विकले गेले. कर्तृत्व विकले गेले नाही. आणि तरीही, आम्हांस कबूल केले पाहिजे की, स्मिथबाईने ती घेतली नसती तर ती क्विल्ट कोणाच्या तरी थंडीत झिजून संपली असती, आणि अर्थ लिहून घेतला नसता तर ते अकरा प्रसंग आज मुके असते. 1946 मध्ये स्मिथबाई वारल्या. त्यांच्या मिळकतीत ती सापडली, आणि 1960 च्या दशकाच्या अखेरीस वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आली. हॅरिएटबाईची दुसरी, पंधरा चौकटींची क्विल्ट बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. तीत बायबलातील प्रसंगांबरोबर 1833 सालच्या उल्कावर्षावाचीही चौकट आहे. तो वर्षाव हॅरिएटबाईच्या जन्मापूर्वीचा. म्हणजे लोकांच्या तोंडी राहिलेली आठवण तिने टाक्यांनी पक्की केली. एका अर्थी ती स्वतःच आपल्या लोकांची अभिरक्षक होती.

पुष्कळ वर्षे तिच्याविषयी लिहिताना ती निरक्षर होती असे गृहीत धरीत. पूर्वी गुलाम असलेली, खेड्यातली काळी बाई, निरक्षर असणारच! परंतु कायरा हिक्स या संशोधक बाईंनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या शोधात 1896 सालच्या तिच्या एका पत्राची नक्कल उजेडात आली. आपण वाचावयास कसे शिकलो आणि आणखी कोणत्या क्विल्टी केल्या, हे तिने त्यात सांगितले आहे. ‘निरक्षर’ हा चार अक्षरांचा शब्द लिहिणारांस फुकट मिळाला होता. त्याची किंमत मात्र जिच्याविषयी तो लिहिला तिने मोजली. संग्रहालयातील वस्तूखाली लावलेली चिठ्ठी म्हणजे नुसती माहिती नव्हे, तो एक निवाडा असतो; आणि आरोपी गैरहजर असताना तो दिलेला असतो, हे अभिरक्षकाने क्षणभरही विसरता कामा नये.

चिठ्ठीतील मौनही असाच निवाडा करते. 1971 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जमविलेल्या क्विल्टी आधुनिक चित्रांप्रमाणे भिंतींवर टांगल्या गेल्या. लोक चकित झाले. अंथरुणावरची वस्तू एका दिवसात कलेच्या पंगतीला बसली. हा उपकार मोठा, यात शंका नाही. पण त्या मांडणीत नजर होती ती रंगांच्या आकृतीवर. ज्या बायकांनी त्या शिवल्या त्यांची नावे बहुतेक नव्हतीच. 1973 साली पॅट्रिशिया मेनार्डी या विदुषीने यावर कठोर लेख लिहिला. शेजारच्या दालनातील चित्रकाराचे नाव, गाव, साल सारे हवे, आणि येथे मात्र ‘अज्ञात’ या शब्दावर समाधान, हे कसे, असा तिच्या टीकेचा आशय होता. यानंतरच्या वर्षांत, विशेषतः 1981 साली केंटकी प्रांतात आरंभ झालेल्या मोहिमेपासून, निरनिराळ्या प्रांतांतील अभ्यासकांनी गावोगावी जाऊन घरोघरच्या क्विल्टी पाहिल्या, आणि त्या कोणी, कोणासाठी, केव्हा शिवल्या हे विचारून नोंदले. आमच्या मते अभिरक्षकाच्या धंद्याला खरी प्रतिष्ठा आली ती या विचारपुशीने. वस्तू गोळा करणे हे सावकारालाही जमते. नाव विचारणे हे मात्र फक्त ऋणको करतो.

हे भान सुटले म्हणजे काय होते याचाही दाखला त्याच क्विल्टीपाशी मिळतो. 1991-92 च्या सुमारास स्मिथसोनियनने आपल्या संग्रहातील काही क्विल्टींच्या प्रतिकृती चीनमध्ये स्वस्तात करवून विकण्याची परवानगी दिली. त्यांत हॅरिएटबाईचीही होती. देशभरच्या क्विल्ट शिवणाऱ्या बायका खवळल्या, अर्जांवर सह्या झाल्या, आणि संस्थेला आपले धोरण बदलावे लागले. त्या रागात पोटापाण्याचा प्रश्न होता, हे खरे. पण त्याखाली अधिक खोल वेदना होती असे आम्हांस वाटते. जे गरजेपोटी पाच डॉलरला एकदा विकले गेले, ते ज्याच्या हवाली केले त्या राखणदारानेच पुन्हा बाजारात मांडावे, ही ती वेदना. राखणदाराला मालकीचा भास होऊ लागला की अनर्थाला तेथूनच सुरुवात होते.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार झालाच नाही असे नाही. बंगालमध्ये जुन्या साड्यांचे थर रचून, त्यांच्याच काठांचे दोरे काढून शिवलेल्या कांथा प्रसिद्ध आहेत. आमच्याकडे गोसाव्याच्या ठिगळांच्या वस्त्राला ‘कंथा’ म्हणतात तोच हा शब्द. सनदी नोकर गुरुसदय दत्त (1882-1941) यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून हिंडताना त्या जमविल्या. त्यांच्या संग्रहातील मानदासुंदरी नावाच्या स्त्रीच्या कांथेवर, ती तिने वडिलांसाठी केली असा मजकूर टाक्यांनीच लिहिलेला आहे. तिने आपली चिठ्ठी आपणच शिवून ठेवली. अभिरक्षकावर सोडली नाही! स्टेला क्रॅमरिश या विदुषीने कलकत्त्यास अध्यापन करीत असता 1939 साली कांथेवर लेख लिहिला. देवालयांच्या शिल्पावर जगन्मान्य ग्रंथ लिहिणाऱ्या या बाईंना घरातल्या जुन्यापान्याच्या पांघरुणातही तीच दृष्टी लागू करावीशी वाटली. पुढे 1954 पासून त्या फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात भारतीय कलेच्या अभिरक्षक होत्या, आणि त्यांनी जपलेल्या कांथांचे प्रदर्शन त्यांच्या मृत्यूनंतर 2009 साली तेथेच भरले. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, फण्या असल्या घरगुती वस्तूंसाठी आयुष्य वेचले. कवी म्हणून त्यांनी घेतलेले ‘अज्ञातवासी’ हे नाव त्या वस्तूंच्या कर्त्यांनाच अधिक शोभते.

तात्पर्य काय? गोधडी कोणाची, या प्रश्नाला आम्हांस सुचते ते उत्तर असे. जोवर ती पांघरणारे घर आहे आणि तिच्यातील प्रत्येक तुकड्याची ओळख सांगणारी जीभ त्या घरात आहे, तोवर ती त्या घराची, आणि तिने झिजावे हेच तिचे सार्थक. ते घर उरले नाही, किंवा ती जीभ थांबली, म्हणजे ती राखणदाराकडे जावी. पण त्याने ती ठेव म्हणून घ्यावी, मालमत्ता म्हणून नव्हे. आणि ठेवीचे व्याज म्हणून तिच्याविषयीचे सत्य शोधून द्यावे, ते गोड असो वा कडू. ज्या संग्रहालयात कापड सुरक्षित आहे आणि शिवणारीचे नाव हरवले आहे, तेथे कपाट जतन झाले, गोधडी नव्हे.

आमच्या घरच्या वादाचा निकाल अजून सर्वसंमत नाही. पण या विचाराच्या भरात एका दुपारी आम्ही गोधडी आत्याबाईंपुढे पसरली आणि एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारीत गेलो. हिरवे इरकली त्यांच्या आजीचे, तांबडे त्यांच्या आईचे, उपरणे धाकट्या काकांचे. मधल्या एका निळ्या तुकड्याशी त्या बराच वेळ थांबल्या. तो आमच्या एका चुलत आजीच्या लुगड्याचा होता. बिचारी पहिल्याच बाळंतपणात गेली. घरात तिचा फोटो नाही, आणि आम्ही तिचे नाव आजवर ऐकलेही नव्हते. आत्याबाईंना सासरचे नाव आठवले, माहेरचे आठवेना. चार दिवस त्या आठवीत राहिल्या. पाचव्या दिवशी पहाटे त्यांनी आम्हांस हाक मारून ते सांगितले.

संग्रहालयात वस्त्राच्या कोपऱ्यात सुती फितीचा तुकडा टाचून त्यावर नोंदीचा आकडा लिहितात. आम्ही तशीच एक फीत आणली, तिच्यावर पक्क्या शाईने सारी नावे लिहिली, आणि आत्याबाईंनी थरथरत्या हाताने ती गोधडीला आतल्या बाजूने शिवली. मग त्यांनी गोधडी झटकली आणि रात्री पांघरून निजल्या.